एका छपराखाली दोन डॉक्टर

बांग फान-सोक यांना मानद डॉक्टरेट द्यायचं विद्यापीठाने ठरवलं आणि गौरवपत्र लिहायचं काम त्यांच्या सुनेच्या गळ्यात पडलं.

"तूच लिही, सूनबाई," सासरे सूपमध्ये भात कालवत म्हणाले. "विद्यापीठातली माणसं लिहिणार म्हणजे नुसतं 'थोर उद्योगपती, थोर दानशूर'. असल्या कागदावर कुणी डॉक्टर होतं का? काहीतरी शोध पाहिजे. तुझी ती लाल कूज घाल त्यात."

हाम मी-रानचा चमचा हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ग्युन-हो माशाचे काटे काढण्यात गढून गेला होता.

"बाबा, तो माझा प्रबंध आहे," ती म्हणाली.

"मग? प्रयोग कुणाच्या जाळ्यांवर केलेस? बोट कुणाची? सूक्ष्मदर्शक कुणाच्या पैशाचा?" सासऱ्यांनी मुळ्याची फोड कुरकुरवली. "डोळा तेवढा तुझा होता."

योन्पोच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या एकच पीक. भातासोबत खायचं ते काळं, कागदासारखं पातळ गिम. समुद्रात जाळी पसरायची, त्यांवर शेवाळ वाढवायचं, हिवाळाभर कापायचं. फान-सोक यांनी चौथीतून शाळा सोडली ती आईच्या मागे गिम वाळवायला. वाळवता वाळवता त्यांनी कारखाना उभा केला, आणि आता निम्मी खाडी आपला माल त्यांच्याच दारात आणून टाकत होती. प्रांतातल्या एका खासगी विद्यापीठाला त्यांनी इमारत बांधून दिली. इमारतीवर त्यांचं नाव लागलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही आणि विद्यापीठाची तर काहीच हरकत नव्हती.

मी-रानची डॉक्टरेट मात्र आठ वर्षं चालली होती. गिमच्या पानांवर लाल कूज पडते तेव्हा आधी नेमकं काय होतं, हा तिचा विषय. पहाटेच्या बोटीत बसून तिने नमुने गोळा केले, पोटात मूल असताना ओकत ओकत गोळा केले. पहिला प्रबंध परीक्षकांनी परत पाठवला, तेव्हा दोन हिवाळ्यांचं काम तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. पदवीदानाला सासरे आले नव्हते. "शेवाळाला कशाला हवाय डॉक्टर?" असं म्हणून ते कापणीवर निघून गेले होते.

तर तिने गौरवपत्र लिहिलं. आणि चांगलं लिहिलं. वाईट लिहायचं तिला जमेना, आपलंच काम होतं ते. "लाल कुजीचं पहिलं लक्षण ओळखून संपूर्ण खाडीला संकटातून वाचवण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली," हे वाक्य लिहिताना तिने 'मी' पुसून 'त्यांनी' घातलं, आणि वाक्याला काही म्हणता काही झालं नाही. तसंच नीट उभं राहिलं.

लाल कूज आणणाऱ्या बुरशीचं लॅटिन नाव सासऱ्यांच्या तोंडी बसवायला पुढे आठवडा गेला. ते रोज चुकायचे आणि रोज तिच्यावरच खेकसायचे. समारंभातल्या भाषणात त्यांनी ते नाव गिळूनच टाकलं. टाळ्या तरीही कडाडल्या. मखमली टोपीत, लांब बाह्यांच्या झग्यात ते खरोखर भारदस्त दिसत होते. चहाच्या वेळी कुलगुरूंनी मी-रानला विचारलं, "आणि आपण?"

"माझी सून," फान-सोकनी परस्पर सांगून टाकलं. "प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली असते."

गावाच्या वेशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक लागला. 'हार्दिक अभिनंदन! खाडीला वाचवणारे मत्स्यविज्ञानाचे डॉक्टर बांग फान-सोक!' कोपऱ्यात बारीक अक्षरात 'मानद' हा शब्दही होता, पण शोधावा लागत होता. नव्या व्हिजिटिंग कार्डांवर तर तोही नव्हता. कारखान्यात फर्मान निघालं की यापुढे 'चेअरमनसाहेब' नाही, 'डॉक्टरसाहेब' म्हणायचं. आणि त्याच आठवड्यात ऑफिसातला माणूस पेचकस घेऊन कारखान्यातल्या मी-रानच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आला.

"वहिनी, वरून सांगितलंय. पाटी बदलायची."

"का?"

"फोनवर घोटाळा होतो म्हणे. डॉक्टर द्या म्हटलं की लोक तुम्हाला जोडून देतात." तो ओशाळून हसला. "एका छपराखाली दोन डॉक्टर नकोत म्हणाले."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. ग्युन-हो कारखान्याच्या माल वाहतुकीचं बघायचा आणि बापाच्या समोर बसताना अजूनही गुडघे जुळवून बसायचा.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "म्हातारा माणूस. तुझं काय कमी झालं? डोक्यातलं कुणी काढून नेलं का?"

"पाटीवरचं नेलं."

"पाटी काय, लाकूड."

छुसोकच्या सणाला घरात पितरांची पूजा मांडली होती. चुलते, आत्या, सगळं गोत जमलेलं. पितराचं नाव लिहिलेली कागदी पट्टी चौरंगामागे लावलेली. ज्याने आयुष्यात काही हुद्दा मिळवला नाही, त्याच्या नावाआधी 'विद्यार्थी' लिहायचं, ही जुनी रीत. पूजेनंतर तांदळाची दारू पोटात गेली तशी फान-सोकना कंठ फुटला.

"माझा बाप विद्यार्थी, आजा विद्यार्थी, पणजा विद्यार्थी! मेल्यावरसुद्धा बिचारे शाळेतच बसलेत. माझ्या पट्टीवर मात्र 'डॉक्टर' लिहायचं बरं का रे! नाहीतर येऊन मानगुटीवर बसेन."

सगळे हसले. मी-रान ताटं उचलत होती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझ्या पट्टीवर, बाबा?"

"तुझ्या?" सासऱ्यांनी मजेत चुलत्यांकडे पाहिलं. "बायकांच्या पट्टीवर नवऱ्याचा हुद्दा बघून लिहितात. काय रे ग्युन-हो, तुझा हुद्दा काय? ट्रक मोजणारा?"

हसण्याचा लोट उठला. ग्युन-होसुद्धा हसला. मी-रानने ताटं नेऊन मोरीत ठेवली आणि नळ सोडला. ती रडली नाही. पाणी वाहून जात राहिलं आणि ती त्याकडे बघत उभी राहिली, एवढंच.

त्या वर्षी हिवाळा आलाच नाही. डिसेंबर लागला तरी खाडीचं पाणी कोमट, त्यात अवेळी पावसाने नदीचं गोडं पाणी भसाभस आत आलेलं. मी-रान रोजच्यासारखी नमुने आणायला गेली आणि एका पानावर तिला गंजाच्या रंगाचा, तिळाएवढा डाग दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर शंकाच उरली नाही. बुरशीचे धागे एका पेशीतून दुसऱ्या पेशीत सुईसारखे घुसलेले. आठ वर्षं तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

ती तशीच सासऱ्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, कूज आलीय. आत्ता कुठे सुरुवात आहे. सगळ्या खाडीने एकदमच जाळी वर काढायला हवीत. वाळवून शीतगृहात ठेवायची आणि पाणी थंड झालं की पुन्हा सोडायची. पहिली कापणी बुडेल, पण हंगाम वाचेल."

"पहिली कापणी बुडेल?" फान-सोकनी चष्मा काढला. वर्षातलं सगळ्यात कोवळं, सगळ्यात महाग गिम पहिल्या कापणीचं. नव्या वर्षाच्या सणाच्या भेटपेट्या त्यानेच भरायच्या. "शहरातल्या दुकानांना मी पेट्या कबूल करून बसलोय. त्या कशाने भरू? तुझ्या प्रबंधाच्या पानांनी?"

"तुम्हीच तर भाषणात सांगितलं होतंत, पहिला डाग दिसताच..."

"मला शिकवू नकोस!" त्यांचा तळहात टेबलावर आपटला. "गोड्या पाण्याचे डाग आहेत ते. लहानपणापासून बघतोय. आणि ऐकून ठेव, बाहेर कुठे तोंड उघडलंस तर याद राख. या घरात कुजीवर बोलायचं तर डॉक्टर बोलेल."

पण डाग इतरांनाही दिसले होते. दुसऱ्या दिवशी बंदरावर कोळ्यांच्या संघाच्या सभागृहात सगळे जमले. संघाचे प्रमुख ओक चुन-दाल पुढे बसले होते. साठी उलटलेला, खारं ऊन खाऊन काळा झालेला माणूस. मी-रानने पहिले नमुने गोळा केले ते यांच्याच बोटीतून. पोटुशी असताना तिला ओकाऱ्या व्हायच्या, तेव्हा त्यांची बायको तिच्यासाठी थर्मासात जवाची पेज भरून द्यायची.

फान-सोक आले तसे सगळे उठून उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, इकडे या, इथे जमीन खालून तापवलीय," म्हणून कुणीतरी त्यांना जागा दिली. फान-सोकनी एक पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला. मग सांगितलं, "गोडं पाणी लागलंय. चार दिवसांत धुऊन निघेल. जाळी हलवू नका."

कुजबुज झाली. ओककाकांनी मान वळवून मी-रानला विचारलं, "पोरी, तू यातच शिकलीस. तुझं काय म्हणणं?"

ती बोलणार होती. घरून निघतानाच तिने ठरवलं होतं. सासरे घराबाहेर काढोत, नवरा काही म्हणो, इथे सांगायचं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"तिला काय विचारता, चुन-दाल?" फान-सोक हसत म्हणाले. "माझ्या घरात भात शिजवता शिजवता शिकली ती. मी म्हणेन तेच म्हणेल. डॉक्टरकडे आलात की कंपाउंडरला विचारता का?"

सभागृह हसलं. दमलेली, घाबरलेली माणसं होती, त्यांना हसायला निमित्त मिळालं. ओककाकाही हसले. अगदी तोंडभर हसले, मांडीवर थाप मारून.

मी-रानने त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग ती अगदी नम्रपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तेच."

बाहेर आली तेव्हा तिला वाटलं होतं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होईल. तसं काहीच झालं नाही. उलट कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी भूक लागली. बंदरावरच्या टपरीवर तिने गरम शेवयांचा वाडगा मागवला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

चार दिवसांत काही धुऊन निघालं नाही. मी-रान रोज खाडीत जाऊ लागली. प्रत्येक ओळीतल्या ठरावीक जाळ्याचं पान कापायचं, बाटलीत घालायचं, पाण्याचं तापमान आणि खारटपणा नोंदवायचा. तिळाएवढे डाग वाटाण्याएवढे झाले. त्यांची कड हिरवट पडली, मध्ये भोकं पडू लागली. कूज एका ओळीतून दुसरीत कशी उडी मारते, भरती-ओहोटीबरोबर कुठल्या दिशेने सरकते, हे आजवर कुणी असं सलग पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? कूज दिसताच लोक जाळी काढतात. तिचे हात खाऱ्या पाण्याने सुजले होते, पण ती चुकली नाही. एकदा तर बाटलीला बूच लावता लावता ती गुणगुणत होती, हे तिच्याच लक्षात आलं आणि ती गप्प झाली.

धक्क्यावर एका सकाळी ओककाकांनी तिला गाठलं. या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"पोरी, खरं सांग. अजून काही ओळी हिरव्यागार आहेत. आज जाळी काढली तर निदान तेवढी वाचतील का?"

वाचली असती. त्या दिवशी निम्मी खाडी वाचली असती.

"काका," ती बाटल्यांची पेटी उचलत म्हणाली, "माझ्यासारखीला काय विचारता? डॉक्टरसाहेबांना विचारा."

"त्यांना विचारलं गं. ते म्हणतात थांबा."

"मग थांबा."

ओककाकांनी हातातली टोपी झटकली. मग टोपी घालून निघून गेले. आणि थांबले.

नव्या वर्षाचा सण यायच्या आत योन्पोच्या खाडीत कापायला गिम उरलं नाही. जाळी वर ओढली की हातात तांबूस चिखल यायचा. फान-सोकची स्वतःची जाळीही गेली. भेटपेट्यांची रिकामी खोकी कारखान्यात छतापर्यंत रचलेली तशीच राहिली.

लोक भर दुपारी आले. बायका, म्हातारे, सगळे. ट्रॉल्या भरून कुजकी जाळी आणून त्यांनी कारखान्याच्या फाटकात ओतली. वास असा की रखवालदार तोंड दाबून पळाला. फान-सोक बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा कुणी वाकलं नाही.

"काय डॉक्टर, धुऊन निघालं का?" कुणीतरी ओरडलं.

"वेशीवर फलक लावलात ना? 'खाडीला वाचवणारे' म्हणून? वाचवा आता!"

ओल्या जाळ्याचा गोळा येऊन त्यांच्या कोटावर बसला. फान-सोक मागे सरले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, आणि मग त्यांना पायरीवर उभी असलेली सून दिसली.

"मला कशाला धरता?" ते किंचाळले. "मी तर मानद! मानद म्हणजे काय कळतं ना? इमारत दिली म्हणून दिलेली! माझी परीक्षा घेतली होती का कुणी? चौथी शिकलेला माणूस मी! खरी डॉक्टर ही! आठ वर्षं हेच शिकत होती! हिला विचारा ना, ही का नाही बोलली?"

सगळ्यांची तोंडं वळली. मी-रानच्या अंगावर काटा आला. या एका वाक्याची तिने किती वाट पाहिली होती, ते आत्ता कळलं. सासऱ्यांच्या तोंडून, सगळ्या गावासमोर. पण गाव तिच्याकडे आदराने बघत नव्हतं.

ओककाका पुढे आले.

"पोरी, तुला माहीत होतं?"

"हो."

"सभेच्या दिवशी?"

"सभेच्या आदल्या दिवशी."

"आणि धक्क्यावर मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

ग्युन-हो मागून तिचा दंड ओढत होता, "गप्प बस, गप्प बस" म्हणत. तिने हात झटकला.

"तुम्ही डॉक्टरला विचारायला आला होतात, काका. डॉक्टर बोलले. कंपाउंडरने काय बोलायचं?"

कुणी काही फेकलं नाही. ओककाकांनी पायाशी पडलेलं जाळं बाजूला सारलं. ते फान-सोककडे बोट करून म्हणाले, "त्या माणसाला कळतच नव्हतं, पोरी." मग त्यांनी बोट तिच्याकडे वळवलं आणि पुढे काही न बोलता खाली घेतलं. त्यांच्या बायकोने त्यांना हाताला धरून नेलं. जाताना ती मी-रानच्या पायरीवर थुंकली.

कारखाना पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने घेतला. फान-सोकना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. विद्यापीठाने पदवी परत मागितली नाही. परत मागायची तर दिली का होती ते सांगावं लागलं असतं, आणि इमारत तर वापरात होती. योन्पोतले बरेच जण खाडी सोडून गेले. ओककाका इंचनला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे अकराव्या मजल्यावर त्यांना रस्त्यावरच्या गाड्यांशिवाय काही दिसत नसे, आणि दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. मी-रानला ते कुणीतरी फोनवर सांगितलं. ती तेव्हा घटस्फोट घेऊन दूरच्या शहरातल्या संशोधन संस्थेत लागली होती. मुलगा बापाकडेच राहिला. तो आईचा फोन उचलत नसे.

त्या हिवाळ्याच्या नोंदींवरचा तिचा शोधनिबंध गाजला. लाल कूज पहिल्या डागापासून शेवटच्या पानापर्यंत कशी पसरते, याची इतकी पूर्ण नोंद जगात दुसरी नव्हती. जपानपासून चीनपर्यंत, जिथे जिथे गिम पिकतं तिथे तिथे तो वाचला गेला. संस्थेने तिला विभागप्रमुख केलं. बुसानला भरलेल्या परिषदेत तिचं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर खाडीचा नकाशा होता आणि तांबडा रंग ओळीओळीने पुढे सरकत होता.

व्याख्यान संपलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका वयस्क जपानी संशोधकाने हात वर केला.

"डॉक्टर हाम, फार मोलाचं काम आहे हे. एकच शंका. इतके दिवस कूज अशी बिनविरोध पसरली. मधल्या काळात कुणी जाळी काढली कशी नाहीत?"

मी-रानने पाण्याचा घोट घेतला.

"त्या हंगामात जाळी काढण्याची शिफारस केली गेली नाही," ती म्हणाली.

त्याने मान डोलावून ते टिपून घेतलं. व्याख्यानानंतर बाहेर कॉफीच्या टेबलाशी एक तरुण संशोधक मुलगी तिच्याजवळ आली. तिचे डोळे चमकत होते.

"मॅडम, खरंच तुमचं नशीब. असा हंगाम पुन्हा कुणाला मिळणार?"

"नाही मिळणार," मी-रान म्हणाली, आणि कॉफीत साखर घालून ढवळू लागली.